अवकाळी म्हणजे कुणाच्या काळाबाहेरचा? कृष्णाकाठच्या हिवाळी पावसाचा इतिहास

आज आपण एका शब्दापासून सुरुवात करू. तो शब्द आहे 'अवकाळी'. सातारा-सांगलीकडे नोव्हेंबर ते मार्च या काळात आभाळ भरून आलं की हा शब्द घराघरांत ऐकू येतो. आपल्या मराठीत संकटाचे दोन जुने प्रकार सांगितलेले आहेत, अस्मानी आणि सुलतानी. आभाळातून येतं ते अस्मानी, राज्यकर्त्यांकडून येतं ते सुलतानी. पहिल्याची तक्रार करायची कुणाकडे? दुसऱ्याची करता येते, निदान मनातल्या मनात तरी. अवकाळी पाऊस आपण बिनदिक्कत पहिल्या खात्यात टाकतो. आमचं आज म्हणणं एवढंच आहे की हे खातं इतक्या सहज ठरवता येत नाही. आणि ते कुठलं ठरतं, यावर पुष्कळ माणसांचं पुढचं वर्ष अवलंबून असतं. त्यामुळे हा शब्दांचा खेळ आहे असं कृपा करून समजू नये.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. इतिहास हा आमच्या शेजारच्या घरातला विषय. पण शेजारी जाऊन बसल्यावर पुष्कळ गोष्टी कळतात, तसं काहीसं आज होणार आहे.

आधी प्रदेश डोळ्यांसमोर आणू. सातारा आणि सांगली हे एकेकाळी बऱ्याच अंशी एकच प्रशासकीय घर होतं. 1949 मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. या दोन्ही जिल्ह्यांची पश्चिम सह्याद्रीला टेकलेली आणि पूर्व पर्जन्यछायेत पडलेली. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला आलात की माण, आटपाडी, जत या भागात जेमतेम पाचशेच्या आसपास. म्हणजे एकाच जिल्ह्यात एका टोकाला छत्री वाळत नाही आणि दुसऱ्या टोकाला छत्री घ्यायची वेळ येत नाही. इथल्या माणसाचं सगळं शहाणपण पाण्याभोवती घडलेलं आहे. पाऊस कधी, किती, कुठल्या नक्षत्रात, याचा हिशेब त्याच्या बोटांवर असतो.

तो हिशेब काय होता? मृगापासून सुरुवात. मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा आणि शेवटी स्वाती. एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. स्वाती संपते ती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तिथं पावसाची वही मिटली. त्यानंतर जो येईल तो वहीबाहेरचा, म्हणजे अवकाळी. लक्षात घ्या, 'अवकाळी' म्हणायला आधी एक 'काळ' गृहीत धरावा लागतो. आभाळाला स्वतःला काही अवकाळी नसतं. बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात हिवाळ्याच्या तोंडाशी कमी दाबाचे पट्टे तयार होणं, उत्तरेकडून पश्चिमी चक्रावात सरकत येणं, या दोहोंची गाठ पडून दख्खनच्या पठारावर पाऊस होणं, हे सगळं निसर्गाच्या दृष्टीनं त्याच्या त्याच्या वेळेलाच होतं. काळ आहे तो आपला. आपल्या पेरणीचा, फुलोऱ्याचा, मळणीचा.

मग पुढचा प्रश्न असा येतो की हा आपला काळ इतिहासात एकच राहिला आहे का? नाही राहिला. आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे.

साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा पूर्व सांगली किंवा पूर्व सातारा डोळ्यांसमोर आणा. रब्बीचा मुलूख. शाळू, हरभरा, करडई. शाळू पेरायचा तो भाद्रपद-आश्विनात, जमिनीत साठलेल्या ओलीवर. पुढे त्याला पाणी मिळालं तर मिळालं. अशा पिकावर नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरात एखादा पाऊस झाला, तर शेतकरी काय म्हणायचा? कुरकुर करायचा, कारण ढगाळ हवेनं ज्वारीवर चिकटा येतो, हरभऱ्यावरची आंब धुऊन जाते, घाटेअळी वाढते. पण त्याच पावसानं शाळूच्या कणसात दाणा भरायचा, विहिरीला चार हात पाणी चढायचं, कडबा वाढायचा. जमाखर्च मांडला तर बरेचदा जमेची बाजू थोडी वर निघे. खरी धास्ती असायची ती माघ-फाल्गुनातल्या पावसाची. ज्वारी काढून खळ्यावर पडलेली असायची, कडब्याच्या पेंढ्या उघड्या, आणि त्यात गारा. दाणा काळा पडायचा, कडबा कुजायचा. तरीसुद्धा त्या नुकसानाला एक मर्यादा होती. बियाणं घरचं, खत घरचं, मजुरी सावडीनं फेडायची. एकाच्या मदतीला गाव इर्जिकीला जायचं. पेवात मागच्या वर्षीची ज्वारी असायची. पिकाचा पैसा कमी म्हणून बुडण्याचा आकडाही कमी.

आता कुणी म्हणेल, सर, तुम्ही जुन्या काळाची गोडी गाताय. तसं मुळीच नाही. त्या काळातली गरिबी आम्ही लहानपणी जवळून पाहिली आहे, तिची आठवण गोड नाही. शिवाय इतिहासाचं कागदपत्र समोर आहे. मे 1875 मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, दख्खनचे दंगे म्हणून ते ओळखले जातात. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि 1879 मध्ये शेतकऱ्यांना कर्जातून काही संरक्षण देणारा कायदा करावा लागला. तो सुरुवातीला ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत पुणे, सोलापूर, नगर यांच्या जोडीला आपला सातारा होता. म्हणजे आभाळाचा फटका सोसायला जी कौटुंबिक आणि गावकीची व्यवस्था होती, ती सावकारी आणि रोख रकमेतला शेतसारा यांच्या दडपणाखाली तेव्हाच वाकलेली होती. पाऊस चुको की न चुको, साऱ्याची तारीख चुकत नव्हती. तिथं अस्मानी संपून सुलतानी कुठे सुरू झालं, हे त्या काळच्या शेतकऱ्यालाही नेमकं सांगता आलं नसतं.

आता पुढचा टप्पा. स्वातंत्र्यानंतर या पट्ट्यात पाणी खेळू लागलं. आधी नदीकाठच्या सहकारी उपसा योजना, मग ताकारी, म्हैसाळ, टेंभू यांसारख्या मोठ्या योजना. टेंभूचं पाणी कराडजवळ कृष्णेतून उचललं जातं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत खानापूर, आटपाडीपर्यंत नेलं जातं. हे काम सहज झालेलं नाही. आटपाडीच्या पाणी परिषदा, नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकारानं उभा राहिलेला समन्यायी पाणीवाटपाचा लढा, येरळा नदीवरचं लोकांनी श्रमातून उभं केलेलं बळीराजा धरण, ही या भागाच्या इतिहासातली मोलाची पानं आहेत.

पाणी आलं, पण थोडं आलं. थोड्या पाण्यात, थोड्या जमिनीत जास्त पैसा देणारं पीक कुठलं? तासगाव तालुक्यानं त्याचं उत्तर दिलं, द्राक्ष. तासगावजवळच्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवड करून 'तास-ए-गणेश' ही जात पुढे आणली आणि तिनं महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीचं रूप पालटलं. विद्यापीठात न शिकलेली निरीक्षणशक्ती काय करू शकते याचं ते उदाहरण आहे. द्राक्षापाठोपाठ बेदाणा आला. तासगाव आणि सांगली या बेदाण्याच्या मोठ्या बाजारपेठा झाल्या, सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्या मुलखातली पोरं मुंबईला गिरणीत जात होती, तिथं द्राक्षाच्या मांडवाखाली बंगले उभे राहिले.

पण मित्रहो, द्राक्षानं आणखी एक गोष्ट बदलली. तिनं इथलं घड्याळ बदललं. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलच्या सुमारास आणि फळछाटणी ऑक्टोबरच्या आसपास. फळछाटणीनंतर पाच-सहा आठवड्यांत फुलोरा येतो, चार महिन्यांच्या आसपास घड काढणीला येतो. मग बेदाण्याची शेड, तिथं दोन आठवडे वाळवण. म्हणजे या पिकाचा सगळ्यात नाजूक काळ नेमका नोव्हेंबर ते मार्च. शाळूच्या घड्याळात जो काळ रिकामा, सुरक्षित, पावसाची वही मिटल्यानंतरचा होता, तोच द्राक्षाच्या घड्याळात भरगच्च झाला. फुलोऱ्यात पाऊस झाला की गळ होते, घडकूज होते, पानांवर डाऊनी येतो. मण्यात पाणी भरायला लागल्यावर झाला तर मणी तडकतात. आणि बेदाणा शेडवर असताना झाला तर हिरवा-पिवळा बेदाणा काळा पडतो. डिसेंबरातला तोच वीस-पंचवीस मिलीमीटर पाऊस. आजोबांच्या शाळूला तो चालून गेला असता, नातवाच्या बागेला तो चालत नाही.

म्हणजे संकट आभाळात नसतं, आणि केवळ जमिनीवरही नसतं. आभाळ आणि आपली मांडणी यांच्या सांध्यावर ते उभं राहतं. मांडणी बदलली की तोच पाऊस वेगळं संकट होतो.

या विचाराला तत्त्वज्ञानाच्या इतिहासात एक आधार आहे, तो सांगून पुढे जाऊ. 1 नोव्हेंबर 1755 रोजी लिस्बन शहर भूकंपानं आणि पाठोपाठच्या लाटांनी, आगींनी उद्ध्वस्त झालं. व्होल्तेअरनं त्यावर कविता लिहून जगाच्या चांगुलपणावरच प्रश्न उभा केला. पुढच्या वर्षी रूसोनं त्याला एक लांब पत्र लिहिलं. त्याचा आशय असा की, अहो, त्या जागी सहा-सात मजली वीस हजार घरं काही निसर्गानं बांधली नव्हती. माणसं पांगून राहिली असती, हलक्या घरांत राहिली असती, तर नुकसान पुष्कळ कमी झालं असतं. संकटाला सामाजिक बाजू असते हे युरोपात इतक्या स्पष्टपणे सांगणारा तो बहुधा पहिल्या काही लोकांपैकी. आपल्या अस्मानी-सुलतानीच्या जोडीत जी फट आहे, नेमकी तीच रूसोनं दाखवली.

आणि अगदी अलीकडचं उदाहरण हवं तर अमेरिकेतलं टेक्सास घ्या. फेब्रुवारी 2021 मध्ये तिथं हिवाळी वादळ आलं. बर्फ, गोठवणारी थंडी. 45 लाखांच्या आसपास घरं-दुकानं अंधारात गेली. राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार 246 माणसं गेली. थंडी तर अमेरिकेच्या उत्तर भागात दरवर्षी यापेक्षा जास्त असते, तिथं अशी माणसं मरत नाहीत. टेक्सासची वीजकेंद्रं आणि वायूच्या विहिरी थंडीसाठी सज्ज केलेल्या नव्हत्या. 2011 मध्येही तिथं असाच फटका बसला होता आणि ही सज्जता करा असा सल्ला तेव्हाच अहवालात दिला गेला होता. दहा वर्षं तो सल्ला बव्हंशी कागदावर राहिला. आता या 246 मृत्यूंना अस्मानी म्हणायचं की सुलतानी?

त्याच वर्षाच्या शेवटी आपल्याकडे काय झालं ते पाहू. 1 आणि 2 डिसेंबर 2021. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा, वरून पश्चिमी चक्रावाताची साथ. कोकणापासून मध्य महाराष्ट्रापर्यंत पाऊस झाला, वारं सुटलं, पारा घसरला. सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात बागा फुलोऱ्यात आणि मण्यांच्या अवस्थेत होत्या. त्याआधी 2009 च्या नोव्हेंबरात 'फयान' चक्रीवादळाच्या पावसानं, 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर झालेल्या गारपिटीनं, आणि 2019 मध्ये ऑगस्टच्या महापुरानंतर पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लांबलेल्या पावसानं असाच फटका दिला होता. 2019 ची गोष्ट तर विशेष. त्या वर्षी सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं 57 फुटांची पातळी ओलांडली होती. पुरातून गाव सावरतंय तोच बागांवर आभाळ फाटलं.

अशा रात्री बागायतदार काय करतो हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पाऊस थांबला की तो झोपत नाही. रात्री दोनला, तीनला ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून औषध मारायला निघतो, कारण पानं ओली राहिली तर सकाळपर्यंत डाऊनी घुसतो. चिखलात ट्रॅक्टर रुतला तर पाठीवर पंप. घडांवरचं पाणी हातानं वेली हलवून झाडणारे लोक आहेत. काहीजण आगाप छाटणी करतात, काही मागास, काही एकाच बागेचे दोन तुकडे करून वेगवेगळ्या तारखांना छाटतात. का? सगळं एकाच पावसात सापडू नये म्हणून. आजोबा शाळूत हरभऱ्याची ओळ घालायचे, त्याच विचाराचं हे नवं रूप आहे. ज्याला परवडतं तो प्लास्टिकचं आच्छादन घालतो. पण त्याचा खर्च एकरी लाखांत जातो, आणि ज्याच्या डोक्यावर आधीच बागेचं कर्ज आहे त्यानं आणखी कर्ज काढून कर्ज वाचवायचं, असा तो पेच आहे.

इथपर्यंत आपण बागायतदाराचं बोललो. तो दिसतो. त्याचा सातबारा असतो, बँकेत खातं असतं, संघटना असते, वर्तमानपत्रात त्याच्या बागेचा फोटो येतो. आता न दिसणाऱ्यांकडे वळू, कारण आमच्या मते इथं खरा प्रश्न आहे.

पहिला मेंढपाळ. माण, खटाव, आटपाडी, जत इथले धनगर. जत तालुक्यातल्या माडग्याळच्या नावानं मेंढ्यांची जातच ओळखली जाते. पावसाळा आपल्या कोरड्या मुलखात काढायचा आणि दसरा-दिवाळीनंतर घोड्यावर बिऱ्हाड घालून पश्चिमेकडे निघायचं, ही यांची शतकांची रीत. गुंथर सोन्थायमर यांच्यासारख्या जर्मन विद्वानानं या लोकांच्या मागे पायी हिंडून त्यांचा धर्म आणि इतिहास समजून घेतला. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी त्यांच्या भटकंतीमागचं पर्यावरणाचं गणित मांडलं. ते गणित असं की ओल्या प्रदेशात मेंढरू टिकत नाही, म्हणून ओल संपल्यावरच तिकडे जायचं. ही भटकंती म्हणजे हवामानाशी जुळवून घेण्याची अत्यंत शहाणी पद्धत होती. पण तीही 'स्वातीनंतर वही मिटते' याच भरवशावर उभी. डिसेंबर 2021 च्या त्या दोन रात्रींत मेंढरं कुठे होती? रिकाम्या रानात, वाघरीच्या आत, उघड्यावर. पाऊस, वारा आणि गारठा. पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेकडो मेंढ्या थंडीनं काकडून मेल्या, नवी कोकरं तर जास्तच. लोकर भिजली की तिचं पांघरूण राहत नाही, ओझं होतं.

दुसरा ऊसतोड मजूर. हिवाळ्यात सातारा-सांगलीचे साखर कारखाने सुरू असतात. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून कोयते येतात. एक जोडपं म्हणजे एक कोयता, माणसाची मोजणीच अवजारानं होते. कारखान्याच्या तळावर किंवा रानाच्या कडेला तट्ट्याच्या, पाचटाच्या, प्लास्टिकच्या कोप्या. अवकाळी पाऊस आला की कोपीत पाणी. धान्य भिजतं, चूल विझते, लेकरं रात्रभर मांडीवर. सकाळी रान ओलं, गाडी आत जात नाही, तोड बंद. मजुरी टनावर, म्हणून तोड बंद म्हणजे मजुरी बंद. मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र फिटायची राहते. वीटभट्टीवर तसंच. थापलेल्या कच्च्या विटा एका पावसात पुन्हा माती होतात, आणि थापणाऱ्याचे हातही रिकामे.

आता आपली शासनव्यवस्था या सगळ्यांना कसं मोजते ते पाहा. मोजणं हा वरकरणी कारकुनी विषय वाटतो, पण त्यातच न्याय दडलेला असतो. मदतीचे नियम सांगतात की एखाद्या महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलीमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. हे माप आलं कुठून? ते खरिपाच्या, पावसाळ्याच्या मनानं आलं आहे. द्राक्षाचा मणी तडकायला 65 मिलीमीटर लागत नाहीत, कोकरू काकडायला तर त्याहून कमी. राष्ट्रीय पातळीवरच्या आपत्तींच्या यादीत गारपीट आहे, पण नुसता अवकाळी पाऊस नाही. राज्यानं स्वतंत्र निर्णय करून अवेळी पाऊस आपल्या यादीत घेतला, आणि 2023 मध्ये 'सततचा पाऊस' हाही शब्द घेतला. बघा, शब्दाला यादीत जागा मिळायला किती वर्षं लागतात. आणि जोवर शब्द यादीत नाही तोवर झालेलं नुकसान कागदाच्या लेखी झालेलंच नसतं.

2015 पासून नुकसानीची अट 50 टक्क्यांवरून 33 टक्क्यांवर आली, हे चांगलं झालं. पण बहुवार्षिक पिकाला मदत किती? डिसेंबर 2021 मध्ये लागू असलेल्या निकषांनुसार हेक्टरी 18,000 रुपये, पुढे ती 22,500 झाली. एकरी खर्च लाखांत आणि मदत हेक्टरी हजारांत. मेंढीला तेव्हाच्या निकषात 3,000 रुपये, नंतर 4,000, तेही एका कुटुंबाला 30 लहान जनावरांपर्यंत. शंभराचा कळप गेला तरी मोजायच्या तीसच. ऊसतोड मजुराच्या बुडालेल्या मजुरीला या कोष्टकात रकानाच नाही. त्याच्याकडे सातबारा नाही, पीक नाही, म्हणून पंचनामा नाही. तो दुसऱ्या जिल्ह्यातला, आपल्या तलाठ्याच्या यादीत नाही. पाऊस त्याच्यावर पडला, कागदावर नाही.

मग इतिहासाकडे मदतीसाठी वळायचं कशाला? कारण याच मातीत एकदा हा प्रश्न सोडवला गेला आहे. वादळाच्या बाबतीत नव्हे, दुष्काळाच्या बाबतीत. इंग्रजांनी 1876 ते 78 च्या भीषण दुष्काळानंतर आयोग नेमला, दुष्काळ संहिता केली. 1883 आणि 1884 च्या कायद्यांनी तगाईची व्यवस्था बांधली. पण या सगळ्यामागची वृत्ती उपकाराची होती, सरकारनं दयाळू होऊन काम द्यावं अशी. ती वृत्ती बदलण्याचं श्रेय एका सांगलीकराकडे जातं. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती, संतसाहित्याचे अभ्यासक. त्यांनी मांडलं की मागेल त्याला काम मिळणं हा माणसाचा हक्क आहे. आपल्याच भागात त्याचा प्रयोग झाला, 1972 च्या दुष्काळात ती राज्याची योजना म्हणून उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. पुढे 2005 मध्ये देशानं ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा त्याच्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

यात तत्त्वाचा मुद्दा कोणता? पाऊस न पडणं ही अस्मानी गोष्ट तशीच राहिली. पागेंनी आभाळाला हात लावला नाही. त्यांनी खालची मांडणी बदलली. पाऊस न पडल्यामुळे माणूस उपाशी राहणं, ही गोष्ट त्यांनी अस्मानी खात्यातून काढून सार्वजनिक जबाबदारीच्या खात्यात टाकली. आणि त्यासाठी त्यांनी जमीन मोजली नाही, काम करणारा हात मोजला. भूमिहीनाला त्यात जागा होती. ही दृष्टी आपण दुष्काळापुरती वापरली आणि वादळाच्या वेळी विसरलो.

त्याचं एक कारण आम्हाला असं दिसतं की दुष्काळ संथ येतो. महिने लागतात, म्हणून त्याची आणेवारी होते, बैठका होतात, संहिता लिहिता येते. हिवाळी वादळ एका रात्रीत येतं आणि सकाळी ऊन पडतं. उन्हात सगळं लख्ख दिसतं, बाग हिरवीच दिसते. आठ दिवसांनी मणी गळायला लागतात तेव्हा बातमी शिळी झालेली असते. संकट जितकं क्षणिक, तितकी समाजाची स्मृती तोकडी. पण परिणाम क्षणिक नसतो. त्या एका रात्रीचं कर्ज तीन-तीन, चार-चार वर्षं फिटत नाही. काहींनी या भागात कुऱ्हाडीनं बागा काढून टाकल्या आहेत, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल.

एक आक्षेप नेहमी येतो. शेतकऱ्यानं जोखमीचं पीक लावलं, तर जोखीम त्यानंच सोसावी, दुकानदार सोसतोच ना? आक्षेप प्रामाणिक आहे म्हणून त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं. द्राक्ष लावण्याचा निर्णय एकट्या शेतकऱ्याचा होता का? उपसा योजना सार्वजनिक पैशानं आल्या. बँकांनी कर्जं दिली. निर्यातीचं परकीय चलन देशानं घेतलं. तुम्ही-आम्ही फेब्रुवारीत स्वस्त द्राक्षं खाल्ली, चहात साखर घातली. नफ्याची वाटणी इतक्या दूरवर जात असेल तर तोट्याची वाटणी बांधावरच का थांबावी? आणि ऊसतोड मजुरानं तर कुठलीच जोखीम निवडलेली नाही, ती त्याला उचलीबरोबर बांधून मिळाली.

तेव्हा व्यवहारात काय करता येईल? आम्ही अधिकारी नाही, पण विचाराची दिशा सांगतो. पहिलं, पावसाचं माप पिकानुसार आणि हंगामानुसार असावं. 2017 च्या सुमारास महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं बसली, फळपीक विम्यात त्यांच्या नोंदींचा आधार घेतला जातो. पण एक मंडळ म्हणजे कितीतरी गावं, आणि गार पडते ती एका शिवारात पडते, शेजारच्या शिवारात नाही. केंद्रं दाट हवीत आणि त्यांच्या नोंदी शेतकऱ्याला वाचता याव्यात. दुसरं, नुकसान मोजताना सातबाऱ्याबरोबर कामही मोजावं. वादळामुळे बंद पडलेल्या कामाची मजुरी, मग तो मजूर कुठल्याही जिल्ह्याचा असो. हे अशक्य नाही, पागेंच्या कायद्यानं हात मोजून दाखवले आहेत. तिसरं, निवारा. कारखान्याच्या तळावर पक्क्या छताची जागा, आणि भटकंतीच्या वाटांवर मेंढरांना एका रात्रीपुरता आडोसा. अंदाज आता दोन-तीन दिवस आधी मिळतो, तो मेंढपाळाच्या मोबाइलवरही पोचतो. पण 'पाऊस येणार' एवढं कळून तो जाणार कुठे? जागाच नसेल तर ती सूचना म्हणजे आगाऊ कळवलेलं दुःख.

शेवटी पुन्हा शब्दाकडे येऊ. आम्ही 'अस्मानी' हा शब्द टाकून द्या असं म्हणत नाही. त्या शब्दात एक नम्रता आहे, माणसाच्या हाती सगळं नाही याची जाणीव आहे, आणि ती हवी. पण त्याच शब्दाआड लपायची सोयही आहे. आभाळाकडे बोट दाखवलं की स्वतःकडे बोट वळत नाही. हवामान बदलतंय, समुद्र तापतोय, पावसाची वही स्वातीला मिटेल याचा भरवसा यापुढे धरता येणार नाही. ज्या काळाच्या भरवशावर शाळू, द्राक्ष, मेंढरू आणि कोयता हे सगळे आपापल्या जागी उभे होते, तो काळच हलायला लागला आहे. मग अवकाळी पावसाला अवकाळी म्हणून भागणार नाही. तो येणार असं धरूनच मांडणी करावी लागेल. आणि तो आल्यावर सकाळी पंचनाम्याला निघताना पहिला प्रश्न 'किती एकर?' असा न विचारता 'रात्री इथं कोण कोण होतं?' असा विचारावा लागेल.

इतकं बोलून आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.